चुंबकाने सोडलेला गोळा दर वेळी तेवढाच उशिरा पडतोय – मिलिसेकंद नीट मोजायला मदत हवी

काळाचौकीकर
नमस्कार मंडळी. लेक अकरावीला आहे, कॉलेजच्या सायन्स एक्झिबिशनसाठी तिने जी ची (पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, त्याची) किंमत काढायचं ठरवलंय. लंबकाने सगळेच करतात म्हणून हिला सरळ गोळा खाली टाकून वेळ मोजायचाय, मला कल्पना आवडली म्हणून मीही कामावरून आल्यावर तिच्यासोबत बसतो. नागदेवीहून एक इंची बेअरिंगचा गोळा आणला, लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचं इलेक्ट्रोमॅग्नेट आणि अर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड). लाकडी पट्टीच्या वरच्या टोकाला मॅग्नेट, बरोबर १ मीटर खाली पत्र्याच्या दोन पट्ट्या, गोळा आपटला की त्या एकमेकींना टेकतात. प्रोग्राम मॅग्नेट बंद करतो त्या क्षणी वेळ घेतो आणि पट्ट्या टेकल्या की परत घेतो, वजाबाकी स्क्रीनवर.

साठ वेळा टाकला. सगळे आकडे ०.४६८ ते ०.४७२ सेकंदात. सरासरी ०.४७० धरली तर जी येतो ९.०५. पुस्तकात ९.८. उंची तीनदा मोजली, टेप बदलून पण मोजली. आकडे इकडेतिकडे उडत असते तर समजलो असतो, पण हे दर वेळी तेवढंच चुकतंय आणि तेच मला कळत नाहीये. लेक म्हणते पप्पा मशीन बरोबर आहे, आपल्याला काहीतरी माहीत नाहीये. कोणी सांगेल का?

वाचनमात्र
मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या ना, २४० फ्रेमचा. गोळा सुटलेली फ्रेम आणि आपटलेली फ्रेम मोजायची, काम झालं.

फर्मवेअर_मुलुंड
वाचनमात्र, २४० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंदांपेक्षा जास्त गॅप. यांचे आकडे आत्ताच त्याच्या निम्म्यात बसतायत, कॅमेऱ्याने उलट मागे जातील.

काळाचौकीकर दादा, तुमची लेक बरोबर बोलतेय. १ मीटर पडायला ०.४५२ सेकंद लागायला हवेत. तुमचे १८ मिलिसेकंद जादा आहेत आणि ते बहुतेक सगळे वरच्या टोकाला जातायत, खाली नाही. प्रोग्रामने पिन बंद केली म्हणजे गोळा सुटला असं नसतं. कॉइलमध्ये करंट फिरत असतो, तो एकदम थांबत नाही, ओसरत जातो, आणि गोळ्याच्या वजनाला पेलेल एवढी ओढ आहे तोवर गोळा तिथेच चिकटलेला. घड्याळ मात्र सुरू झालेलं.

आणि एक विचारतो, कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावलाय का? लावलाच असणार, सगळीकडे तसंच सर्किट असतं, नाहीतर मॅग्नेट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जातो. पण त्याच डायोडमधून करंट गोल गोल फिरत राहतो आणि हळू मरतो. डायोड काढू नका, त्याच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलटा करंट जाऊ देणारा डायोड) उलट्या दिशेने टाका, करंट पटकन पडेल, फक्त ट्रान्झिस्टर ६० व्होल्ट तरी सहन करणारा हवा. शिवाय लोखंडात थोडं चुंबकत्व राहतंच, त्यासाठी मॅग्नेटच्या तोंडावर सेलोटेपचे दोन थर लावा म्हणजे गोळा धातूला थेट टेकणार नाही. आणि करंट जेमतेम गोळा धरेल एवढाच ठेवा.

जुनी_यंत्रं
हा धागा बघून राहवलं नाही. दादा, तुम्हाला जे झालंय तेच दुखणं मिलिसेकंद मोजणाऱ्या पहिल्यावहिल्या यंत्रांना पण होतं, मी गेली बरीच वर्षं याच यंत्रांबद्दल मिळेल ते वाचतेय म्हणून सांगते.

हिप नावाचा घड्याळजी होता, मथायस हिप, जन्माने जर्मन पण पुढे स्वित्झर्लंडला गेला. त्याने १८४० च्या दशकात एक क्रोनोस्कोप केला, सेकंदाचा हजारावा भाग डायलवर वाचता यायचा. वजनावर चालणारी चाकं, आणि चाकांचा वेग राखायला लंबक नाही तर पोलादाची एक पाती, सेकंदाला हजार वेळा थरथरणारी, तिच्या एकेका थरथरीला चाकाचा एकेक दात पुढे सरकतो. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घड्याळ आधीच पूर्ण वेगात चालू असतं. मोजायच्या वेळी इलेक्ट्रोमॅग्नेट फक्त काटा त्या फिरत्या चाकाला जोडतो आणि नंतर सोडवतो. चाकं थांबलेली असताना सुरू करायची असती तर वेग घेण्यातच वेळ गेला असता.

पण तो मॅग्नेट! जोडायला किती वेळ घेतो आणि सोडायला किती घेतो हे बॅटरीच्या जोरावर अवलंबून. बॅटरी उतरली की आकडा बदलला. लाइपझिगला वुंटच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, १८७९ ला सुरू झालेली ती, माणसाचा रिअॅक्शन टाइम मोजायला हाच क्रोनोस्कोप वापरायचे, आणि प्रयोग करायच्या आधी एक जड हातोडा ठरलेल्या उंचीवरून पाडून त्याचा वेळ यंत्राला मोजायला लावायचे. हातोड्याला किती लागतात ते माहीत, यंत्र किती दाखवतं ते बघायचं, मग करंट कमीजास्त करून दोन्ही जुळवायचे. आधी यंत्राची परीक्षा, मग माणसाची.

काळाचौकीकर
फर्मवेअर साहेब, झेनर टाकला, सेलोटेप लावली. आकडा ०.४७० वरून ०.४५६-०.४५७ वर आला! जी ९.६ च्या आसपास. म्हणजे रोग तोच होता. लेक तुमची पोस्ट दोनदा वाचून गेली आणि आता विचारतेय की उरलेला पण काढता येईल का की काहीतरी राहणारच.

जुनी_यंत्रं ताई, हातोड्याची गोष्ट तिने वहीत लिहून घेतलीय.

ट्रॅकवरची
मी शाळा-कॉलेजच्या अॅथलेटिक्स मीटना टायमिंगला बसते, म्हणून माझं थोडंसं. सुरुवात नक्की कधी झाली हा प्रश्न आमचा रोजचा आहे. शंभर मीटरला टायमर फिनिश लाइनला उभे असतात आणि पिस्तूल वाजतं दुसऱ्या टोकाला, आवाज यायला जवळजवळ ०.२९ सेकंद लागतात. म्हणून नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो की आवाजावर बटण दाबायचं नाही, पिस्तुलाचा धूर दिसला की दाबायचं. तरीसुद्धा हाताच्या स्टॉपवॉचचा वेळ कमीच भरतो, कारण धूर बघून दाबायला माणसाला वेळ लागतो पण फिनिशला धावणारा समोरून येताना दिसत असतो त्यामुळे तिथे अंगठा आधीच तयार असतो. हाताची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांची तुलना करताना छोट्या शर्यतीत ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत होती ती त्यामुळेच.

मोठ्या स्पर्धेत तर प्रत्येक लेनच्या स्टार्टिंग ब्लॉकमागे स्पीकर असतो. पहिल्या लेनपासून आठव्या लेनपर्यंत साडेआठ मीटर, म्हणजे आवाजाला २५ मिलिसेकंद. एकाच पिस्तुलाने सुरुवात केली तर लांबच्या लेनमधल्यावर अन्याय. आणि आपल्याला मिलिसेकंदाची किंमत कोणी सांगायला नको, १९८४ लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्सला ५५.४२, तिसरी आली ती ५५.४१. शंभरावा भाग. मी तेव्हा जन्मले पण नव्हते तरी तो फोटो फिनिश बघताना अजून घशात येतं.

फोटो फिनिशचा कॅमेरा पण नेहमीचा नाही बरं का, तो फक्त फिनिश लाइनवरची एक बारीक उभी फट बघत राहतो आणि सेकंदाला हजारो फटी एकाशेजारी एक लावत जातो. त्या चित्रात डावी-उजवी बाजू म्हणजे जागा नाही, वेळ आहे.

पोहण्याचं एक सांगते आणि थांबते. १९७२ म्युनिकला ४०० मीटर मेडलेमध्ये स्वीडनचा लार्सन ४ मिनिटं ३१.९८१ आणि अमेरिकेचा मॅकी ३१.९८३. दोन मिलिसेकंदावर सुवर्ण. पण दोन मिलिसेकंदात पोहणारा जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या दोन लेनची लांबी तेवढी सारखी बांधलेली नसते. नंतर त्यांनी हजारावा भाग सोडूनच दिला, आता शंभराव्यापर्यंत बरोबरी झाली तर दोघांना मेडल. मला हे फार पटतं. घड्याळ दाखवतं म्हणून आकडा वापरायचा नाही, तलाव तेवढा खरा आहे का ते बघायचं.

केबलवाला_भाऊ
मी जमिनीखालच्या वीज केबलचे फॉल्ट शोधायचं काम केलंय बावीस वर्षं. आमचं मशीन पण वेळच मोजतं पण मायक्रोसेकंदात. केबलमध्ये एक पल्स सोडायची, ती तुटलेल्या जागेवरून परत येते, जाऊन यायला किती लागले त्यावरून अंतर. एक्सएलपीई (प्लास्टिकच्या आवरणाच्या) केबलमध्ये पल्स मायक्रोसेकंदाला १६०-१७० मीटर धावते, तर १० मायक्रोसेकंदात परत आली म्हणजे फॉल्ट साधारण ८०० ते ८५० मीटरवर. वेग एक टक्का चुकीचा टाकला की ८ मीटर चुकले, आणि आठ मीटर म्हणजे मुंबईत दुसऱ्याच दुकानासमोर खड्डा.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. जुलै महिना, रात्रीचे दोन, पाऊस चालू, एका वसाहतीत अंधार. मी अंतर काढलं, जागेवर खूण केली, माणसांनी दीड मीटर खणलं, पाणी उपसलं, केबल एकदम चांगली. परत मोजलं, तोच आकडा. मग आमचे जुने फोरमन गाडीतून उतरले, मशीनकडे बघितलं पण नाही, माझ्या पायापाशी पडलेली टेस्ट लीड हातात घेतली आणि म्हणाले ही किती लांब आहे. मशीनपासून केबलपर्यंतची ती लीड वजा करायची मी विसरलो होतो. तेवढं अंतर मागे जाऊन खणलं तर जॉइंट जळालेला सापडला. चार माणसांनी माझ्यापायी पावसात फुकट खणलं त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसापासून मी आधी नुसती लीड मोजायचो, तिचं उघडं टोक किती मायक्रोसेकंदावर दिसतं ते लिहून ठेवायचो आणि मगच केबलला जोडायचो.

नेमकी जागा धरायला नंतर थंपर लावतात. मोठा व्होल्टेजचा झटका दिला की फॉल्टवर जमिनीखाली धप्प असा आवाज होतो. वर माइक ठेवायचा. झटक्याचं चुंबकीय सिग्नल लगेच पोचतं, आवाज मातीतून उशिरा येतो, दोन्हीतला फरक मिलिसेकंदात दाखवतो. माइक सरकवत जायचं, फरक जिथे सगळ्यात कमी तिथे खाली फॉल्ट.

तुर्भे_ते_दादर
सगळ्यांच्या पोस्ट मन लावून वाचल्या. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, डिटेक्टरच्या पल्स मोजण्यात, आता निवृत्त आहे. केबलवाले भाऊ, तुमच्या फोरमनना माझा नमस्कार. त्यांनी जे केलं ते मोठमोठ्या ठिकाणी राहून गेलंय.

२०११ च्या सप्टेंबरात युरोपातून बातमी आली होती, आठवत असेल. सर्नहून (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) इटलीतल्या ग्रान सासोला, ७३० किलोमीटर जमिनीतून, न्यूट्रिनो (जमिनीतून आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) पाठवले आणि ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) आधी पोचले असं ऑपेरा नावाच्या प्रयोगाच्या गटाला दिसलं. साठ नॅनोसेकंदात प्रकाश १८ मीटर जातो. महिनोन्महिने त्यांनीच तपासलं, आणि पुढच्या वर्षी कळलं की जीपीएसच्या वेळेचा सिग्नल आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर पूर्ण घट्ट बसला नव्हता, त्यामुळे तो सिग्नल उशिरा पोचत होता. शिवाय एका घड्याळाचा वेग किंचित चुकीचा, त्याची चूक उलट्या दिशेची. मला त्या लोकांबद्दल आदर आहे, त्यांनी चूक स्वतः शोधली आणि जगाला सांगितली.

आता मोजण्याबद्दल. सगळ्यात साधा रस्ता म्हणजे काउंटर. एक क्रिस्टल टिकटिक करतो, सुरुवात ते शेवट किती टिक ते मोजायचे. १० मेगाहर्ट्झचा असेल तर एक टिक १०० नॅनोसेकंद, आणि एक टिक इकडे किंवा तिकडे ही चूक अटळ, कारण तुमची घटना टिकच्या मध्येच कुठेतरी घडते. त्या मधल्या तुकड्यासाठी युक्त्या आहेत. एक म्हणजे तेवढा वेळ कपॅसिटर ठरलेल्या करंटने भरत ठेवायचा आणि शेवटी व्होल्टेज वाचायचं. वेळ मोजायची नाही, व्होल्टेज मोजायचं. दुसरी व्हर्नियरची, शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरसारखीच, किंचित वेगळ्या गतीचे दोन ऑसिलेटर, एक सुरुवातीला सोडायचा आणि एक शेवटाला, दुसरा पहिल्याला कधी गाठतो ते बघायचं. अशा युक्तीने एचपीचा ५३७० काउंटर एका मापात २० पिकोसेकंदापर्यंत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) वाचायचा, तेही सत्तरच्या दशकाच्या शेवटाला. आज टीडीसी७२०० नावाची एवढीशी चिप ५५ पिकोसेकंदाची पायरी देते.

हे सगळं कशाला लागतं? उटीला ग्रेप्स-३ म्हणून कॉस्मिक किरण (अवकाशातून येणारे कण) टिपायची मांडणी आहे, टीआयएफआर या संशोधन संस्थेची. आठ-आठ मीटरवर डिटेक्टर ठेवलेत. वरून कणांचा थवा एखाद्या सपाट पत्र्यासारखा येतो, तिरपा आला तर एका डिटेक्टरला आधी लागतो, शेजारच्याला नंतर. तीस अंश तिरपा असेल तर शेजारच्या दोघांत १३ नॅनोसेकंदाचा फरक. तेवढ्या फरकावरून तो आकाशात कुठून आला ते ठरतं. आणि प्रत्येक डिटेक्टरची केबल वेगळी, साध्या कोअॅक्सियल केबलमध्ये मीटरमागे ५ नॅनोसेकंद जातात. म्हणजे केबलचा हिशोब चुकला तर आकाशातली जागा चुकली.

बेटा (काळाचौकीकरांच्या लेकीला म्हणतोय), तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की उशीर शून्य करायच्या मागे लागू नकोस. तो दोन्हीकडे सारखा कर आणि वजा होऊ दे.

जुनी_यंत्रं
काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून ल बूलांजेचं यंत्र आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेल्जियमच्या सैन्यातला अधिकारी, १८६० चं दशक. तोफेच्या गोळ्याचा वेग मोजायचा होता. दोन इलेक्ट्रोमॅग्नेट, एकाला लांब दांडी लटकवलेली, दुसऱ्याला आखूड. गोळ्याच्या वाटेत अंतर ठेवून तारांच्या दोन चौकटी उभ्या. गोळ्याने पहिली तार तोडली की लांब दांडी पडायला लागते. दुसरी तोडली की आखूड दांडी सुटते, ती खाली एका खटक्यावर पडते, खटक्याने स्प्रिंगची सुरी सुटते आणि पडत्या लांब दांडीवर खूण करते. किती खाली खूण झाली ते पट्टीने मोजायचं, त्यावरून वेळ. काका म्हणाले ना वेळेऐवजी व्होल्टेज मोजायचं, इथे वेळेऐवजी मिलिमीटर.

पण मॅग्नेट उशीर करणार, खटका उशीर करणार, सुरीला पोचायला वेळ लागणार. त्यासाठी यंत्रासोबत डिसजंक्टर म्हणून एक खटका असायचा जो दोन्ही सर्किट एकाच क्षणी तोडतो. तोफ नाही, गोळा नाही, खरा वेळ शून्य. तरी सुरीची खूण शून्यावर होत नाही, खाली कुठेतरी होते. ती यंत्राची स्वतःची वेळ. ती ०.१५ सेकंद यावी असं यंत्र लावून घ्यायचे, म्हणजे खूण ११० मिलिमीटरच्या थोडी पुढे, आणि मग खऱ्या मापातून तेवढं वजा. हे मुद्दाम एवढं मोठं ठेवायचे कारण तोवर दांडीने वेग घेतलेला असतो आणि तेवढ्याच वेळेत खुणा जास्त लांब लांब पडतात, वाचायला सोपं. दीडशे वर्षांपूर्वी हे सुचलं म्हणजे काय डोकं असेल!

फर्मवेअर_मुलुंड
काकांचं वाक्य सर्किटमध्ये उतरवतो. दादा, मॅग्नेट फक्त गोळा धरायला ठेवा, घड्याळाशी त्याचा संबंध तोडा. गोळ्याच्या तळापासून १० सेंटिमीटर खाली एक लाइट गेट आणि बरोबर १ मीटर खाली दुसरा. इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर, दोन्हीकडे एकाच पाकिटातले घ्या. घड्याळ पहिल्या गेटला सुरू, दुसऱ्याला बंद. गोळा मॅग्नेटला किती वेळ चिकटला याने आता काही फरक पडत नाही. ०.९६७ ला मिळालेल्या वेळेने भागा आणि वर्ग करा, जी मिळाला (०.९६७ म्हणजे २ चं वर्गमूळ वजा ०.२ चं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये).

वेळ वाचायचं मायक्रोस फंक्शन सोडा, ते उनोवर ४ मायक्रोसेकंदाच्या उड्या मारतं आणि वर इंटरप्टचा (चालू काम थांबवून सिग्नलकडे वळण्याचा) उशीर. टायमर १ चं इनपुट कॅप्चर वापरा, ८ नंबरची पिन. सिग्नल आला त्या क्षणीच हार्डवेअर आकडा टिपून ठेवतं, प्रोग्राम नंतर निवांत वाचतो. एक टिक ६२.५ नॅनोसेकंद. टायमर १६ बिटचा आहे, दर ४ मिलिसेकंदांनी भरून शून्यावर जातो, ते ओव्हरफ्लो मोजायला विसरू नका. दोन्ही लाइट गेटचे सिग्नल एका ओआर गेटमधून (दोन्हींपैकी कुठलाही सिग्नल आला तरी पुढे पाठवणारी चिप) त्याच पिनवर आणा.

खरी मेहनत गेटच्या जागेत आहे. वरच्या गेटपाशी गोळा सेकंदाला १.४ मीटर जातो, तिथे १ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.७ मिलिसेकंद गेले. फोटोट्रान्झिस्टरवर काळी टेप लावून अर्ध्या मिलिमीटरची आडवी फट ठेवा.

काळाचौकीकर
मंडळी, दोन रविवार लागले. काळ्या टेपची फट ब्लेडने कापायला लेकीचा हात माझ्यापेक्षा स्थिर, तिनेच केलं. गेटची खरी उंची काढायला तिने स्वतःच डोकं लावलं, गोळा एका बोल्टच्या टोकावर ठेवून बोल्ट फिरवत फिरवत वर सरकवला आणि मल्टिमीटरचा व्होल्टेज जिथे पडतो तिथे थांबून स्टीलच्या पट्टीवर वाचलं. दोन्ही गेटला पाच-पाच वेळा.

आजचे आकडे: ४० वेळा टाकला, सरासरी ०.३०८७२ सेकंद. जी = ९.८११!!! घरात पेढे आणले.

तुर्भे_ते_दादर
लेकीचं मनापासून अभिनंदन, बोल्टची युक्ती तर फारच छान. पण पेढे खाऊन झाले की एक बघा. ९.८१ ही मुंबईची किंमत नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आणि स्वतःभोवती फिरतेय, त्यामुळे आपण १९ अंशांवर आहोत तर इथे जी साधारण ९.७८६ यायला हवा. पुस्तकातला आकडा पार उत्तरेकडच्या देशांना जास्त जवळचा. तुमचं माप आता इतकं बारीक झालंय की हा फरक दिसायला हवा होता. म्हणजे अजून कुठेतरी पाव टक्का लपलाय, आणि माझा संशय घड्याळावरच आहे.

फर्मवेअर_मुलुंड
काका बरोबर! माझ्याकडून सांगायचं राहिलं. उनोवर मुख्य चिपला क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असू शकतो. टिक ६२.५ नॅनोसेकंदाची आहे हे आपण धरून चाललोय, खरी किती आहे ते कोणी बघितलं? जीपीएसचं निओ-६एम मॉड्यूल घ्या, त्याची टाइमपल्स दर सेकंदाला येते, उपग्रहावरच्या अणुघड्याळांना बांधलेली. गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली अँटेना ठेवा, लॉक होऊ द्या, मग तीच पल्स ८ नंबर पिनला देऊन एका सेकंदात किती टिक होतात ते मोजा. १,६०,००,००० यायला हवेत.

काळाचौकीकर
गच्चीवर जाऊन आलो. १,५९,७१,२०० च्या आसपास येतायत, शेवटचे दोन-तीन आकडे हलतात. म्हणजे आमचं घड्याळ हळू चालतंय, ०.१८ टक्के. हिशोब लेकीनेच केला: खरा वेळ ०.३०९२८ आणि जी ९.७७६.

तिला आधी वाईट वाटलं कारण ९.८१ सुंदर दिसत होतं. मग रात्री जेवताना म्हणाली, पप्पा त्या वेळी दोन चुका एकमेकींना झाकत नव्हत्या, एकच चूक पुस्तकाच्या बाजूने होती म्हणून आपण शोधलीच नाही. मी काय बोलणार.

तुर्भे_ते_दादर
वा! आणि ९.७८६ पासून जो ०.०१ उरलाय त्यातला बहुतेक हवेचा. एक इंची पोलादी गोळा खालच्या गेटपाशी पोचतो तेव्हा हवा त्याच्या वजनाच्या ०.४ टक्के जोराने अडवत असते, पूर्ण पडण्यात धरलं तर जी मध्ये साधारण ०.१ टक्का कमी दिसतो, म्हणजे ०.०१ च. गेटच्या उंचीतली चूक पण तेवढीच असू शकते, तर ९.७७६ अधिक उणे ०.०२ असं लिहा आणि हवेचं कारण खाली द्या. दुरुस्ती करून ९.७८६ करू नका, आधी मोजलेला आकडा लिहा.

वाचनमात्र
मी सुरुवातीला मोबाईल म्हणालो होतो, तेव्हा एवढं खोल असेल वाटलं नव्हतं, सगळं वाचलं. एक प्रश्न आहे. २०२३ चं फिजिक्सचं नोबेल अॅटोसेकंदला मिळालं. पिकोसेकंदालाच एवढ्या युक्त्या तर त्याच्याही लाखो पट लहान कोणत्या घड्याळाने मोजतात?

तुर्भे_ते_दादर
घड्याळ नाहीच, कुठलंही इलेक्ट्रॉनिक सर्किट तेवढं जलद नाही. परत तीच युक्ती, वेळ बदलून दुसरं काहीतरी मोजायचं, इथे अंतर. लेसरची पल्स आरशाने दोन भागांत फोडायची, एक भाग थोडा लांबच्या वाटेने आणून परत पहिल्याशी भेटवायचा. आरसा १ मायक्रोमीटर मागे घेतला की वाट २ मायक्रोमीटर वाढते, म्हणजे ६.७ फेम्टोसेकंद (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) उशीर. दोन्ही पल्स एकमेकांवर पडल्या तरच उजळणारा स्फटिक ठेवायचा, आरसा सरकवत जायचं, किती सरकवल्यावर उजेड गेला त्यावरून पल्सची लांबी. पल्स स्वतःच स्वतःला मोजते. झेवेल यांना १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते अशा फेम्टोसेकंद पल्सने रासायनिक बंध तुटताना बघितले म्हणून. अॅटोसेकंदाला अजून पुढची करामत लागते, तिथे प्रकाशाची स्वतःची लाट घड्याळाचं काम करते, पल्सने अणूतून इलेक्ट्रॉन उडवायचा आणि लेसरच्या लाटेने त्याची ऊर्जा किती बदलली ते बघायचं. लाट कुठल्या टप्प्यावर होती त्यावरून वेळ. अगोस्तिनी यांच्या गटाने २००१ ला २५० अॅटोसेकंदाच्या पल्सची माळ दाखवली, क्राउझ यांच्या गटाने ६५० ची एकटी पल्स वेगळी काढली. आन लुइलिये यांनी ज्या परिणामावर हे सगळं उभं आहे तो १९८७ लाच बघितला होता.

काळाचौकीकर, माझ्याकडे २० मीटरचं कोअॅक्सियलचं एक भेंडोळं पडून आहे, आणि टीडीसी७२०० चे दोन तुकडे, अडॅप्टर बोर्डवर बसवलेले. एक्झिबिशन झालं की लेकीला घेऊन दादरला या. भेंडोळ्यातून पल्सला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, ते तिने स्वतः मोजावं. पण आधी भेंडोळं न लावता.

काळाचौकीकर
काका, येतो. तिने वाचलंय, तिचा निरोप आहे की भेंडोळ्याऐवजी लावायची छोटी केबल पण मीटर पट्टीने मोजून ठेवा.

केबलवाला_भाऊ
मी पण आलो तर चालेल का? दादरलाच राहतो.

तुर्भे_ते_दादर
या की भाऊ. फोरमनबद्दल अजून ऐकायचंय.